अक्षरांचा हिशेब ठेवणारा माणूस : क्रिस्तॉफ प्लँटिन

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव मोठ्या अक्षरांत असते. मुद्रकाचे नाव आतल्या पानावर, तेही बारीक अक्षरांत. आणि ज्या अक्षरांत हे सर्व छापले जाते ती अक्षरे घडवणाऱ्याचे नाव बहुधा कोठेच नसते. या लेखात मी अशा एका मुद्रकाचे चरित्र सांगणार आहे, की ज्याने स्वतः एकही अक्षर कोरले नाही, पण इतरांनी कोरलेली अक्षरे आयुष्यभर जमवली, लावून ठेवली आणि त्यांचा हिशेब लिहिला. त्याचे नाव क्रिस्तॉफ प्लँटिन. फ्रेंच लोक त्याला प्लांतँ म्हणतात. सोळाव्या शतकातील युरोपात त्याच्या छापखान्याएवढा मोठा छापखाना दुसरा क्वचितच असेल. परंतु मोठेपणापेक्षा त्याच्या टापटिपीचे मला अधिक आश्चर्य वाटते, आणि हा लेख मुख्यतः तिच्याविषयी आहे.

प्लँटिनचा जन्म इ. स. १५२० च्या सुमारास फ्रान्समधील तूर शहराजवळच्या एका गावी झाला. त्याचे वडील नोकर होते. लियाँ शहरात एका धर्मोपदेशकाच्या घरी ते चाकरीला राहिले आणि लहानगा क्रिस्तॉफ त्या घरातील मुलांबरोबर वाढला. त्या घरातला पिएर पोरे नावाचा पुतण्या त्याचा जन्माचा मित्र झाला. पुढे घरातील एक मुलगा शिक्षणासाठी पॅरिसला गेला, तेव्हा बापलेकही त्याच्या सेवेसाठी बरोबर गेले. नंतर वडील मुलाला थोडे पैसे देऊन पॅरिसमध्ये ठेवून परतले, ते त्याला न्यायला पुन्हा आलेच नाहीत. शिक्षण तेथेच खुंटले. मुलगा कां या शहरी एका पुस्तकविक्रेत्याकडे उमेदवारीला राहिला आणि पुस्तकबांधणी शिकला. तेथेच जान रिव्हिएर हिच्याशी त्याचा विवाह झाला. वारसा म्हणून ज्याला घर, जमीन, पदवी यांपैकी काही मिळाले नाही, असा हा माणूस होता.

इ. स. १५४८-४९ च्या सुमारास तो बायकोमुलांसह अँटवर्पला आला. हे शहर आज बेल्जममध्ये आहे. त्या काळी ते स्पेनच्या राजघराण्याच्या ताब्यात होते आणि उत्तर युरोपातील व्यापाराचे मोठे केंद्र होते. प्लँटिन तेथे पुस्तके बांधू लागला आणि चामड्याच्या नक्षीदार पेट्या करू लागला. त्याचा हात इतका सफाईदार होता, की दरबारातील माणसे त्याच्याकडून काम करून घेऊ लागली. पण १५५५ मध्ये एक विलक्षण प्रसंग घडला असे सांगतात. एका राजकारभाऱ्याला पेटी पोचवायला तो रात्री निघाला असता काही झिंगलेल्या लोकांनी भलताच माणूस समजून त्याच्यावर तलवार चालवली. जखम खांद्याला झाली. जीव वाचला, पण बांधणीच्या कष्टाच्या कामाला तो हात पूर्वीसारखा उपयोगी राहिला नाही. त्याच वर्षी त्याने छपाईचा व्यवसाय सुरू केला. त्याचे पहिले पुस्तक कुलीन घरातील मुलीचे शिक्षण कसे असावे या विषयावरील होते.

येथे वाचकांना अक्षरे कशी तयार होत हे थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण त्याखेरीज प्लँटिनची खरी संपत्ती कोणती हे समजणार नाही. प्रथम कारागीर पोलादाच्या लहानशा कांडीच्या टोकावर एक अक्षर उलटे कोरी. हा पंच. तो पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की अक्षराचा खळगा उमटे. ही मातृका. मातृका कानशीने घासून नेमकी करीत आणि साच्यात बसवून त्यात शिसे, कथील व अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतीत. त्यातून निघे तो खिळा. हे खिळे जुळवून पान तयार होई. खिळे छापून छापून झिजत. मग ते वितळवून पुन्हा ओतावे लागत. मातृका मात्र नीट ठेवली तर पिढ्यान् पिढ्या टिकत असे.

हे वाचताना मला आमच्या घरातील बियाण्याची आठवण झाली. माझी आजी निरक्षर होती. पण ज्वारी, मूग, हुलगा, वाल यांचे बियाणे ती राख लावून वेगवेगळ्या गाठोड्यांत ठेवीत असे. प्रत्येक गाठोड्याची गाठ निराळी. अंधारातसुद्धा हाताला गाठ लागली की आत काय आहे ते तिला कळे. घरात धान्य संपले तर उसने आणता येते, पण बियाण्याला हात लावायचा नाही, असा तिचा दंडक होता. प्लँटिनच्या छापखान्यात खिळे म्हणजे धान्य होते आणि मातृका म्हणजे बियाणे. पुष्कळ मुद्रक ओताऱ्याकडून तयार खिळे विकत घेत आणि झिजले की पुन्हा त्याच्या दारी जात. प्लँटिनने मात्र पहिल्यापासून बियाणेच जमवायचे ठरवले. मातृका आपल्या, ओतणावळ तेवढी ओताऱ्याची, असा त्याचा व्यवहार होता.

त्या काळी उत्तम अक्षरे फ्रेंच कारागीर घडवीत. त्यांत क्लोद गारामाँ हा अग्रगण्य होता. १५६१ मध्ये तो वारला आणि त्याची हत्यारे, पंच व मातृका विकायला निघाल्या. प्लँटिनने त्यांतील मोलाचा भाग घेतला. रोबेर ग्राँजाँ हा दुसरा थोर कारागीर. तो काही वर्षे अँटवर्पमध्येच येऊन राहिला होता. त्याच्याकडून प्लँटिनने तिरप्या वळणाची, ग्रीक वळणाची आणि हस्ताक्षरासारखी दिसणारी अक्षरे घेतली. अँटवर्पमधील फ्राँस्वा गियो हा ओतारी आणि कोरणाराही होता. पुढे गेंट शहरातील हेंड्रिक व्हान डेन केअर हा तरुण कारागीर त्याचा मुख्य ओतारी झाला.

अशा रीतीने संग्रह वाढत चालला असतानाच १५६२ मध्ये वीज कोसळली. त्याच्या छापखान्यात एक धर्मविरोधी पुस्तिका छापली गेल्याचे अधिकाऱ्यांना समजले. प्लँटिन त्या वेळी पॅरिसला होता. त्याचे कामगार पकडले गेले. घरी परतणे धोक्याचे होते, म्हणून तो पॅरिसलाच थांबला, आणि अँटवर्पमध्ये त्याच्या मालमत्तेचा लिलाव झाला. सात वर्षांत जे उभे केले ते घर रिकामे झाले. काही अभ्यासकांच्या मते हा लिलाव त्याच्याच संमतीने, सरकारने सर्व जप्त करण्याआधी मालाचा पैसा करण्यासाठी झाला असावा. ते कसेही असो, १५६३ मध्ये तो परतला तेव्हा त्याला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागली. शहरातील काही धनिक त्याचे भागीदार झाले. पैसा त्यांचा, विद्या आणि व्यवस्था प्लँटिनची. या भागीदारांपैकी व्हान बोम्बर्गेन घराण्याचे नातेवाईक पूर्वी व्हेनिसमध्ये हिब्रू ग्रंथांचे नामांकित मुद्रक होते. त्यांच्याकडील हिब्रू अक्षरे त्यामुळे प्लँटिनच्या उपयोगी आली.

आता त्याच्या नोंदवह्यांकडे वळतो. प्लँटिनने वेळोवेळी आपल्या संग्रहाच्या याद्या करवल्या. त्या आजही उपलब्ध आहेत. अक्षर कोणत्या आकाराचे, उभे की तिरपे, रोमन की ग्रीक की हिब्रू, पंच किती, मातृका किती आणि मुख्य म्हणजे ते कोणी कोरले, हे त्यांत लिहिलेले असे. आज आपण अक्षराचा आकार पॉइंटांत मोजतो. त्या काळी ही मोजणी नव्हती. आकारांना नावे होती. सिसेरोचा ग्रंथ ज्या आकारात छापला गेला तो सिसेरो, संत ऑगस्टीनचा ग्रंथ छापला तो ऑगस्टीन, सर्वांत थोरांपैकी एक कॅनन. शिवाय एका गावचा सिसेरो दुसऱ्या गावच्या सिसेरोएवढा असेलच असे नाही. अशा स्थितीत नुसते आकाराचे नाव पुरेसे नसे. म्हणून आकार, वळण आणि कारागीर ही तिन्ही मिळून अक्षराची ओळख ठरे. गारामाँचे अमुक, ग्राँजाँचे तमुक, असा उल्लेख होई. ही सोय व्यवहारासाठी होती. परंतु तिच्यामुळे कारागिराचे नाव त्याच्या कामाला चिकटून राहिले.

यादी घरात ठेवायची, तर नमुना ग्राहकाला दाखवायचा. १५६७ मध्ये प्लँटिनने आपल्या अक्षरांची एक नमुनापुस्तिका छापली. तीत चाळीसएक प्रकारची अक्षरे प्रत्यक्ष छापून दाखवली होती. ग्रंथकाराने ती पाहावी आणि आपल्या ग्रंथासाठी अक्षर पसंत करावे. त्याच १५६७ साली त्याने छापलेल्या एका पुस्तकाचा आपल्या भागाशी संबंध आहे. गोव्यात मुद्रणयंत्र आले ते १५५६ मध्ये, म्हणजे प्लँटिनच्या आरंभानंतर अवघ्या एका वर्षाने. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने येथील वनस्पती व औषधे यांवर पोर्तुगीज भाषेत लिहिलेला संवादात्मक ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप केला, आणि तो प्लँटिनने १५६७ मध्ये अँटवर्पला प्रसिद्ध केला. पश्चिम किनाऱ्यावरची झाडेपाला युरोपातील विद्वानांना माहीत झाला त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

या सर्व व्यवस्थेची खरी परीक्षा झाली ती बहुभाषी बायबलाच्या वेळी. हिब्रू, अरमाइक, सिरियाक, ग्रीक आणि लॅटिन अशा पाच भाषांतील बायबल एकत्र छापण्याचे काम प्लँटिनने स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयाने अंगावर घेतले. राजाने आरियास मोंतानो या पंडितास देखरेखीसाठी अँटवर्पला पाठवले. काम १५६८ ते १५७२ या काळात चालले आणि आठ मोठे खंड तयार झाले. हजाराहून अधिक प्रती काढल्या. विचार करा, समोरासमोरच्या दोन पानांवर अनेक लिप्या, काही उजवीकडून डावीकडे तर काही डावीकडून उजवीकडे. प्रत्येक लिपीचे अक्षर अशा मापाचे हवे की ओळी एकमेकींना साजतील. कोणत्या लिपीचे कोणते माप आपल्याकडे आहे आणि कोणते नवे करवून घ्यावे लागेल, हे ज्याला वहीत पाहून सांगता येईल त्यालाच हे काम पेलणार. सिरियाक अक्षरे ग्राँजाँकडून नव्याने कोरून घेतली. जावई राफेलेंगियस हा भाषापंडित मुद्रिते तपासत असे. प्लँटिनला पाच मुली होत्या. लहानपणापासून त्यांना वाचायला शिकवून मुद्रिते वाचून दाखवण्याच्या कामी तो लावीत असे. मॅग्दालेना ही मुलगी जेमतेम तेरा वर्षांची असताना याच बायबलाची मुद्रिते मोंतानोकडे घेऊन जाई आणि मूळ प्रत वाचून दाखवी. ज्या बापाचे पहिले पुस्तक मुलींच्या शिक्षणावर होते, त्याच्या घरी मुली हिब्रू अक्षरे वाचत होत्या, ही गोष्ट मला विशेष वाटते. अर्थात ते कामही होते. घरच्या मुलींना मजुरी द्यावी लागत नाही, हेही विसरता येत नाही.

१५७५ च्या सुमारास त्याच्या छापखान्यात सोळा छापयंत्रे चालत आणि पन्नासाहून अधिक माणसे राबत. १५७६ मध्ये तो शुक्रवारचा बाजार नावाच्या चौकातील प्रशस्त वास्तूत गेला. सोनेरी कंपास हे त्याच्या छापखान्याचे चिन्ह होते. कंपासाचे एक टोक स्थिर, ते सातत्य. दुसरे फिरते, ते श्रम. पण नव्या घरात काही महिने होतात न होतात तोच नोव्हेंबरमध्ये पगार न मिळालेल्या स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प लुटले. हजारो माणसे मारली गेली, घरे जळाली. प्लँटिनला आपले घर वाचवण्यासाठी पुन्हा पुन्हा खंडणी मोजावी लागली. तो कर्जात बुडाला, सोळांपैकी बहुतेक यंत्रे थांबली. राजाकडून येणे असलेली रक्कमही वेळेवर येईना. परंतु मातृकांचा संग्रह टिकून राहिला. यंत्र लाकडाचे, ते पुन्हा करता येते. खिळे पुन्हा ओतता येतात. बियाणे शाबूत असले की शेत पुन्हा पेरता येते.

१५८० मध्ये व्हान डेन केअर अकाली वारला. प्लँटिनने त्याच्या विधवेकडून त्याचे पंच व मातृका घेतल्या. या कारागिराने एक नाजूक काम केले होते. जुन्या गारामाँच्या अक्षरांचे वर जाणारे आणि खाली लोंबणारे भाग आखूड करून त्याने निराळे पंच कोरले, त्यामुळे तेच अक्षर कमी उंचीच्या खिळ्यावर बसू लागले आणि पानावर अधिक ओळी मावू लागल्या. कागद महाग होता, म्हणून ही बचत मोठी. पण मूळ अक्षर आणि त्याचे आखूड रूप यांची सरमिसळ झाली तर ओळ बिघडणार. नोंद नसती, तर संग्रह जितका वाढला तितका गोंधळच वाढला असता.

देशात बंडाळी चालूच होती. १५८३ मध्ये प्लँटिन उत्तरेकडील लायडन येथे गेला आणि तेथील नव्या विद्यापीठाचा मुद्रक झाला. अँटवर्पचे घर त्याने जावयांवर सोपवले. १५८५ मध्ये स्पेनने अँटवर्प पुन्हा जिंकल्यावर तो परत आला, लायडनचा छापखाना राफेलेंगियसकडे गेला. कॅथलिक राजाचा मुद्रक आणि बंडखोरांच्या विद्यापीठाचाही मुद्रक, अशी त्याची दुहेरी वाटचाल पाहून काही लोक त्याला संधिसाधू म्हणतात. मला मात्र वाटते, की पन्नास संसार ज्याच्या छापखान्यावर अवलंबून असतात त्याला निष्ठेची किंमत आपल्यापेक्षा वेगळ्या नाण्यात मोजावी लागते. १ जुलै १५८९ रोजी तो अँटवर्प येथे मरण पावला. चौतीस वर्षांत त्याने दीड हजारांहून अधिक पुस्तके प्रसिद्ध केली होती.

पुढे यान मोरेतुस या दुसऱ्या जावयाच्या घराण्याने छापखाना सुमारे पावणेतीनशे वर्षे चालवला. १८७६ मध्ये अँटवर्प शहराने ती वास्तू सर्व साहित्यासह विकत घेतली आणि १८७७ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. जगातील सर्वांत जुन्या छापयंत्रांपैकी दोन तेथे आहेत, आणि हजारो पंच व पंधरा हजारांहून अधिक मातृका आहेत. २००१ मध्ये तेथील हिशेबाच्या वह्यांना युनेस्कोने जागतिक स्मृतींच्या यादीत स्थान दिले आणि २००५ मध्ये वास्तूला जागतिक वारसा ठरवले. एका हिशेबाच्या वहीला असा मान मिळावा, हे वाणिज्य शाखेच्या मित्रांना सांगण्यासारखे आहे.

या वह्यांचा उपयोग पुन्हा एकदा झाला तो १९५० च्या दशकात. काळाच्या ओघात पेट्यांतील मातृका मिसळल्या होत्या. कोणते अक्षर कोणाचे हे कळेनासे झाले होते. तेव्हा इंग्लंड, अमेरिका व बेल्जममधील अभ्यासकांनी सोळाव्या शतकातील याद्या पुढे ठेवून एकेक संच ताडून पाहिला. जे नाव चारशे वर्षांपूर्वी व्यवहारापुरते लिहिले होते त्याच्या आधारे गारामाँ, ग्राँजाँ, व्हान डेन केअर यांना त्यांची अक्षरे परत मिळाली.

मात्र सर्वत्र असे झाले नाही. १९१३ मध्ये इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीने या संग्रहातील नमुन्यावरून एक टंक तयार केला. मूळ अक्षर ग्राँजाँचे, पण टंकाला नाव मिळाले प्लँटिन. पुढे लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रासाठी स्टॅन्ली मॉरिसनने नवा टंक करवला तेव्हा हाच प्लँटिन त्याचा एक आधार होता. १९३२ मध्ये तो वृत्तपत्रात अवतरला. तोच टाइम्स न्यू रोमन. आपल्यापैकी बहुतेकांनी संगणकावर इंग्रजी निबंध लिहिला तो या टंकात. त्याच्या वळणात ग्राँजाँचा हात कोठेतरी आहे, पण संगणकाच्या यादीत ग्राँजाँ हे नाव शोधून सापडणार नाही.

आज अक्षरांचा संग्रह करायला ना पोलाद लागते, ना तांबे. शेकडो टंक क्षणात उतरवून घेता येतात, म्हणून संगणकावर त्यांची रास पडते. एकाच टंकाच्या चार प्रती चार नावांनी, कोणाचा कोण ठाऊक नाही, आणि ऐन वेळी हवा तो सापडत नाही. प्लँटिनची वही या राशीलाही लागू पडते. आकार, वळण, कर्ता, संख्या. यांतील कर्ता हा रकाना आपण सर्वांत आधी गाळतो. मराठी मजकुरासाठी संगणकावर सर्रास वापरला जाणारा मंगल हा देवनागरी टंक र. कृ. जोशी यांनी घडवला. ते मराठीतील कवी आणि मुंबईत अक्षरविद्येचे अध्यापक होते. २००८ मध्ये ते वारले. आपल्याकडील किती जणांना मंगल माहीत आहे आणि किती जणांना जोशी?

नोकराचा मुलगा प्लँटिन मोठा झाला तो पैशामुळे किंवा राजाश्रयामुळे, असे म्हणता येईल. पण पैसा दोनदा गेला आणि राजाने पैसे थकवले. टिकली ती त्याची सवय : आपल्याजवळ काय आहे ते पाहावे, मोजावे, ज्याचे आहे त्याच्या नावानिशी लिहावे. ज्यांच्या घरात वारसा नसतो त्यांना ही सवय तरी फुकट मिळवता येते. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. पहिल्या वर्षी कोठलाही अर्ज भरताना माझी कागदपत्रे चार ठिकाणी विखुरलेली असत. आता एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर मी आजीचे नाव लिहिले आहे, कारण गाठी वेगवेगळ्या मारायला तिने शिकवले.

— एस. वाय. बी. ए.